गाडी मिसिंग मारतेय? आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट

तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, टर्बोचा दाब चढला, आणि गाडीने उसळी घ्यायची त्याच क्षणी ती अडखळली. दोन-चार झटके, एक्झॉस्टमधून फट्-फट् आवाज, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा. पाय काढला की सगळं पूर्ववत. आयडलला (गाडी जागेवर, पाय मोकळा असताना) इंजिन असं चालतं, जणू काही घडलंच नाही. परफॉर्मन्स कारमधला मिसफायर बहुधा असाच भेटतो, आणि म्हणूनच तो नवख्या माणसाला चकवतो.

अशा वेळी पहिला मोह होतो तो ठिणगी पाडणारे प्लग आणि त्यांना उच्च व्होल्ट पुरवणाऱ्या कॉइल यांचा अख्खा संच बदलून टाकण्याचा. कधीकधी त्याने दुखणं जातंही. पण नाही गेलं, तर पैसे गेलेच, शिवाय खुणाही गेल्या. कोणत्या सिलिंडरचा प्लग ओला होता, कोणत्या कॉइलच्या रबरी बुटात (प्लगवर चढणाऱ्या नळीत) काळी रेघ होती, हे सांगणारे जुने भाग तोवर कचऱ्यात पडलेले असतात. माझा आग्रह एवढाच आहे की एकही भाग विकत घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळवा. मिसफायर कोणत्या सिलिंडरमध्ये होतोय, आणि नेमका केव्हा होतोय?

इंजिनच्या कॉम्प्युटरला काय कळतं

सिलिंडरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण पेटलं नाही किंवा अर्धवट पेटलं, तर तो मिसफायर. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हे थेट दिसत नाही. त्याला कळतो तो फक्त क्रँकशाफ्टचा वेग. क्रँक सेन्सरसमोरून एक दातेरी चाक फिरत असतं. सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का मिळतो आणि चाकाचे दाते क्षणभर लवकर सरकतात. एखादा धक्का आलाच नाही, तर त्या जागी वेग किंचित पडतो, आणि पाळी कोणाची होती हे ईसीयू हिशेबाने ओळखतो.

म्हणून ईसीयूने नोंदवलेल्या पी०३०३ या दोष-कोडचा अर्थ ‘तिसऱ्या सिलिंडरने ढकललं नाही’ एवढाच घ्यायचा. ‘तिसरी कॉइल गेली’ असं तो म्हणत नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, वायरिंग, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. आणखी एक गोष्ट यातून निघते. हलकं फ्लायव्हील किंवा तीव्र प्रोफाइलचे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बसवलेल्या इंजिनात क्रँकचा वेग मुळातच जास्त हेलकावे खातो. तिथे प्रत्यक्षात सगळे सिलिंडर नीट पेटत असतानाही ईसीयू मिसफायर नोंदवू शकतो. गाडीला झटका जाणवत नाही पण कोड येतोय, असं असेल तर आधी केलेले बदल आठवा.

दिवा लुकलुकत असेल तर

चेक इंजिनचा दिवा स्थिर जळत असेल, तर सावकाश चालवत घरापर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल, तर मिसफायर इतका आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) धोक्यात आहे. न जळलेलं पेट्रोल आणि त्यासोबतची हवा तिथे पोहोचून पेटते, आतली जाळी तापून वितळते, आणि वितळलेला भाग एक्झॉस्टची वाट अडवतो. ताबडतोब पाय काढा, शक्य तितक्या लवकर बाजूला थांबा. ‘अजून एकदा पूर्ण दाबून बघू’ हा मोह इथे फार महागात पडतो.

कामाला हात घालण्याआधीची काळजीही आत्ताच सांगतो. कॉइलमधून बाहेर पडणारा दाब २०,००० ते ४०,००० व्होल्टच्या घरात असतो, त्यामुळे चालू इंजिनवर कॉइल उपसून ‘फरक पडतो का’ हे बघायची जुनी पद्धत विसरा. ती माणसालाही घातक आहे आणि कॉइललाही, कारण ठिणगीला वाट मिळाली नाही की तो दाब कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इंधनाचा दाब १०० बारच्या बराच वर असतो. त्या लाइनचं नट नवख्याने कधीही सैल करू नये.

पहिली पायरी: केव्हा होतं ते लिहा

हातात वही घ्या. इंजिन गार असताना होतं की तापल्यावर? आयडलला, एकसारख्या वेगात जाताना, की पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर? किती आरपीएमला, कोणत्या गिअरमध्ये, बूस्ट (टर्बोचा दाब) किती असताना? पावसात किंवा गाडी धुतल्यावर वाढतं का? हे कंटाळवाणं वाटेल, पण याच नोंदी पुढचा सगळा रस्ता ठरवतात. नोंदी करताना शेजारी दुसरा माणूस बसवा आणि मोकळी, सुरक्षित जागा निवडा. ट्रॅक किंवा डायनो (गाडी जागेवरच रोलरवर पळवायचं यंत्र) मिळाला तर उत्तमच.

कारण असं आहे. प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडायला ठिणगीला किती व्होल्ट लागतील, हे फटीच्या लांबीवर आणि त्या फटीतल्या वायूच्या घनतेवर अवलंबून असतं. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडी असते, आणि मरायला टेकलेली कॉइलसुद्धा ती फट ओलांडते. १ बार बूस्टवर मात्र वातावरणातल्या दाबाच्या साधारण दुप्पट हवा आत कोंबलेली असते. तीच फट, तोच प्लग, पण व्होल्टची मागणी कितीतरी वाढते. कॉइलला ती पुरवता आली नाही की ठिणगी पडत नाही, किंवा बुटातून, सिरॅमिकवरून बाजूच्या धातूकडे पळ काढते. म्हणून आयडलला गाडी गुळगुळीत चालते यावरून ठिणगीबद्दल काहीही ठरवू नका.

यातूनच एक फार उपयोगी भेद हाती लागतो. सिलिंडरमधला दाब सर्वात जास्त असतो तो टॉर्क सर्वाधिक असतो तिथे, म्हणजे बऱ्याच टर्बो गाड्यांत मधल्या आरपीएमला. झटका तिथे येत असेल आणि वर जाताना निवळत असेल, तर संशय प्लगच्या गॅपवर (त्या फटीवर), प्लगवर किंवा कॉइलवर. उलट, बूस्ट कमी असो वा जास्त, झटका फक्त वरच्या आरपीएमलाच येत असेल, तर कॉइलला भरायला मिळणारा वेळ बघा. ६००० आरपीएमला एका सिलिंडरची पाळी दर २० मिलिसेकंदांनी येते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर हा वेळ पुरतो. सगळ्यांना मिळून एकच कॉइल असेल, तर चार सिलिंडरांत ५ मिलिसेकंदच वाट्याला येतात. त्याच लक्षणामागे कमी पडणारा इंधनाचा दाब किंवा थकलेल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगाही असू शकतात.

गार इंजिनात सुरुवातीला थरथर आणि तापल्यावर ठीक, असं असेल तर चित्र वेगळं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, आणि त्यांच्यावर काजळीचे थर बसतात. इंजिन तापल्यावरच मिसफायर सुरू होत असेल, तर उष्णतेने आतली तार सुटणारी कॉइल हा पहिला संशयित.

दुसरी पायरी: कोड

ओबीडी-२ पोर्टला, म्हणजे ईसीयूचे कोड वाचायच्या सॉकेटला, स्कॅनर लावा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांत ही सोय सक्तीची आहे. पी०३०१, पी०३०२ असे कोड शेवटच्या आकड्यात सिलिंडर सांगतात. पी०३०० म्हणजे ठरावीक सिलिंडर नाही, कधी हा कधी तो. पी०३५१ पासूनची मालिका कॉइलच्या सर्किटची, पी०२०१ पासूनची इंजेक्टरच्या सर्किटची. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम जतन करा: कोड पडला त्या क्षणीचं आरपीएम, लोड, तापमान सगळं त्यात असतं. तुमच्या वहीतल्या नोंदींशी ते पडताळून पाहा.

एका ठिकाणी नवखे हमखास चुकतात. सिलिंडरचे क्रमांक आणि फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक चार सिलिंडरच्या इनलाइन इंजिनांत फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असते, पण सिलिंडर ओळीने १, २, ३, ४ असेच मोजले जातात. व्ही-८ मध्ये तर गोंधळ आणखी. फोर्डच्या व्ही-८ मध्ये एका बाजूला १ ते ४ आणि दुसऱ्या बाजूला ५ ते ८ असतात; जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनात एका बाजूला सगळे विषम आणि दुसऱ्या बाजूला सगळे सम. सुबारूच्या चार सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनातही १ आणि ३ एका बाजूला असतात. आपल्या इंजिनाचं मॅन्युअल उघडून क्रमांक पक्के करा आणि मगच कॉइलला हात लावा. चुकीच्या सिलिंडरवर केलेलं अचूक काम वायाच जातं.

कोड एकाहून जास्त सिलिंडरचे असतील तर त्यांच्यात नातं शोधा. शेजारचे दोन असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट फुटलेलं असू शकतं. एकाच बाजूचे सगळे असतील तर त्या बाजूचं अर्थिंग, फ्यूज किंवा कॅमचं टायमिंग. एकच कॉइल दोन सिलिंडरांना ठिणगी देते अशा जुन्या इंजिनांत १ आणि ४, किंवा २ आणि ३ जोडीने आले, तर बोट सरळ त्या कॉइलकडेच जातं.

तिसरी पायरी: अदलाबदल

समजा पी०३०३ आला. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावा, पहिल्याची तिसऱ्यावर. तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात टाका, दुसऱ्याचा तिसऱ्यात. कॉइल आणि प्लग वेगवेगळ्या घरी पाठवण्यात मुद्दा आहे, कारण एकाच फेरीत दोन प्रश्न सुटतात. कोड पुसा, आणि ज्या गिअरमध्ये, ज्या आरपीएमला, ज्या बूस्टवर झटका आला होता, तीच परिस्थिती पुन्हा आणा. आता पी०३०१ आला तर कॉइल खराब. पी०३०२ आला तर प्लग. पी०३०३ च राहिला तर दोघेही निर्दोष, आणि दोष त्या सिलिंडरपाशीच आहे: वायरिंग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब).

कॉइलचा रेझिस्टन्स मीटरने मोजून ती ‘पास’ करणाऱ्यांशी माझं पटत नाही. आजकालच्या बऱ्याच कॉइलमध्ये इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारं सर्किट) आतच असतो, तिथे मीटरचा आकडा निरर्थक ठरतो. आणि मीटर गार कॉइलला काही व्होल्ट देतो, तर कॉइल मरते ती तापलेल्या इंजिनावर, पूर्ण बूस्टमध्ये. अदलाबदल तिला खऱ्या परिस्थितीत उभं करते.

चौथी पायरी: प्लग वाचा

प्लग काढायचे ते इंजिन गार असतानाच. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गरम असताना मऊ असतात आणि प्लगसोबत ओरबाडून निघू शकतात. कॉइल उपसली की आधी खाचेत टॉर्च मारा आणि हवेने धूळ उडवा, नाहीतर खडा थेट सिलिंडरमध्ये जातो. खाचेत तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरच्या सील गळताहेत. ते तेल रबरी बूट फुगवतं आणि ठिणगीला पळवाट देतं. अशा ठिकाणी नवी कॉइल टाकून भागत नाही, सीलही बदलावी लागते.

काढलेले प्लग ज्या सिलिंडरचे त्याच क्रमाने ओळीत मांडा आणि एकमेकांशी तुलना करा. एकटा प्लग पाहून फसायला होतं. तीन सारखे आणि चौथा वेगळा दिसला की बोलणं स्पष्ट होतं. टोकाजवळचं सिरॅमिक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग नीट तापत नाही. पेट्रोलने ओला असेल तर इंधन येतंय पण पेटत नाही. तेलकट असेल तर रिंगा, व्हॉल्व्हच्या सील किंवा टर्बोच्या सील तपासाव्या लागतील. पांढरंफटक आणि फोड आल्यासारखं असेल तर अति उष्णता. सिरॅमिकवर चमकदार बारीक ठिपके दिसले, तर तिथेच थांबा. नॉकिंगमुळे (मिश्रण आपोआप, अवेळी पेटल्यामुळे) पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम उडून चिकटलेलं असू शकतं, आणि ते इंजिन बूस्टवर आणखी पळवणं म्हणजे त्याचा जीव घेणं.

प्लगच्या वरच्या, पांढऱ्या भागावर दोन खुणा सारख्याच वाटतात, पण अर्थ वेगळे. धातूच्या कडेला लागून तपकिरी वलय असेल तर तो उच्च व्होल्टमुळे चिकटलेल्या तेलकणांचा डाग, निरुपद्रवी. वरून खाली जाणारी पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर ठिणगी बाहेरूनच पळाली आहे. तशी रेघ बुटाच्या आतही सापडेल. प्लग आणि बूट दोन्ही बदला. एकच बदललात, तर जुन्यावरची रेघ नव्याला पुन्हा वाट दाखवते.

गॅप आणि हीट रेंज

ट्यून केलेल्या गाडीत मिसफायर निघतो तो बहुतेकदा इथे. बूस्ट वाढवला, पण गॅप पूर्वीचाच. झिजलेल्या प्लगमध्ये तो आणखी वाढलेला. अनेक टर्बो इंजिनांत कंपनीचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास असतो. बूस्ट वाढवल्यावर ट्यूनर तो ०.६ किंवा त्याहूनही खाली आणतात. गॅप जितका लहान तितके व्होल्ट कमी लागतात, पण ठिणगीही लहान होते आणि आयडलला, हलक्या लोडवर मिश्रण पेटवायला ती कमी पडू लागते. म्हणून एकदम ०.५ वर उडी मारू नका. ०.०५ मिलिमीटरच्या पायरीने उतरा आणि झटका जिथे थांबतो तिथे थांबा. एवढ्याने झटका थांबत नसेल, तर आणखी कमी गॅपने कमजोर कॉइल झाकायचा प्रयत्न करू नका.

गॅप मोजायला वायर गेज वापरा. इरिडियम प्लगचं मधलं टोक सुईसारखं बारीक आणि ठिसूळ असतं. त्याला टेकू देऊन काहीही वाकवायचं नाही, वाकवायची ती फक्त बाजूची पट्टी. नवा प्लग ‘कंपनीने गॅप लावूनच दिलाय’ म्हणून तसाच बसवू नका, प्रत्येक मोजा.

हीट रेंज म्हणजे प्लग आपली उष्णता हेडकडे किती वेगाने सोडतो ते. वाढवलेल्या बूस्टला थंड प्लग लागतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, तर बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. हे उलटंसुलटं लक्षात न घेता ब्रँड बदलला, तर थंड प्लग हवा असताना गरम प्लग बसतो. गरजेपेक्षा थंड प्लगवर शहरातल्या सावकाश चालीत काजळी धरते आणि मिसफायर दुसऱ्या दाराने परत येतो.

बसवताना प्लग आधी हाताने फिरवा, पाना नंतर. अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २०. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ चोपडलं, तर त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो, म्हणून आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर आटे कोरडेच ठेवा.

कॉइलपर्यंत वीज पोहोचते का

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. कॉइल ठरलेल्या वेळात किती भरते हे या आकड्यावर ठरतं. अर्थिंगच्या पट्ट्या सैल किंवा गंजलेल्या नाहीत ना ते पाहा. टर्बोजवळच्या उष्णतेने कॉइलचे कपलर (वायरचे जोड) तडकतात, त्यांचे लॉक तुटतात, पिना ढिल्या होतात. इंजिन आयडलला ठेवून, फिरत्या आणि गरम भागांपासून हात दूर ठेवत, लूम (वायरांचा जुडगा) हलकेच हलवा. त्या हलवण्यासरशी इंजिन थरथरलं, तर दोष बोटाखाली सापडला.

ठिणगी ठीक, तरी मिसिंग

इथे एक सापळा आहे. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधून पेट्रोलसोबत न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. ऑक्सिजन सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो, न जळलेलं पेट्रोल नाही. त्यामुळे तो ‘मिश्रण लीन आहे’, म्हणजे पेट्रोल कमी आहे, असं सांगतो आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करतो ती कमी-जास्त दुरुस्ती) अधिककडे सरकते. पाहणाऱ्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो मॅपमध्ये (ईसीयूतल्या इंधनाच्या तक्त्यात) इंधन वाढवतो, आणि प्लग आणखी ओले होतात. म्हणून ट्रिम वाचायची ती झटका नसतानाची. शॉर्ट (तात्पुरती) आणि लाँग (दीर्घकाळची) ट्रिम मिळून अधिक १० टक्क्यांच्या वर सतत राहत असेल, तर हवेची गळती किंवा इंधनाची कमतरता खरी आहे. धूर सोडून इनटेकची गळती तपासा. बूस्टच्या पाइपवरचे क्लॅम्प पाहा. पूर्ण लोडवर इंधनाचा दाब लॉग करा.

त्यानंतर इंजेक्टर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली की टिकटिक ऐकू येते. पोर्ट इंजेक्शन असेल तर इंजेक्टरचीही सिलिंडरांत अदलाबदल करता येते.

तरीही तोच सिलिंडर बोट दाखवत असेल, तर कॉम्प्रेशन मोजा. इंधन आणि इग्निशन बंद करून, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. निव्वळ आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा: १५ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत ही काळजीची गोष्ट. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. या टप्प्यावर नवख्याने अनुभवी इंजिनवाल्याकडे जावं, आणि आपली वही सोबत न्यावी.

झटका, पण मिसफायर नाही

रेव्ह लिमिटर, ट्रॅक्शन कंट्रोल, लाँच कंट्रोल आणि बूस्ट कट हे सगळे मुद्दाम ठिणगी किंवा इंधन तोडतात, आणि सीटमध्ये बसलेल्याला ते हुबेहूब मिसफायरसारखं वाटतं. झटका नेहमी एकाच आरपीएमला किंवा एकाच बूस्टला, घड्याळ लावल्यासारखा येतो आणि स्कॅनरमधला मिसफायर काउंटर (मिसफायरची मोजदाद) शून्यच राहतो? मग ईसीयू आपलं काम करतोय. त्याने का तोडलं ते लॉगमध्ये शोधा.

दुरुस्तीनंतर

कोड पुसून दोन चकरा मारल्या आणि दिवा लागला नाही, एवढ्यावर काम संपलं असं मानू नका. ईसीयू थोडे मिसफायर मोजून गप्प राहतो, ठरावीक मर्यादा ओलांडली की मगच कोड टाकतो. चांगल्या स्कॅनरमध्ये प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर काउंटर दिसतात. वहीतल्या पहिल्या पानावरची परिस्थिती पुन्हा आणा: तोच गिअर, तेच आरपीएम, तोच बूस्ट, इंजिन तितकंच तापलेलं. सगळे काउंटर शून्यावर राहिले पाहिजेत. काही शे किलोमीटरनंतर प्लग पुन्हा काढून रंग आणि गॅप बघा. गाडी बरेच दिवस मिसिंग मारत चालवली असेल, तर वरच्या आरपीएमला दम लागतोय का हेही तपासा, कारण तोवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळून अर्धा बंद झालेला असू शकतो.